उडणारा माणूस आणि बोंबलांची टोपली

तुम्ही हसाल, पण साठ सालच्या आसपास, चार पोरांचा बाप झाल्यावर, मला उडणाऱ्या माणसाच्या इंग्रजी चित्रपुस्तकांचा नाद लागला. मुंबईच्या गोदीत कामाला असलेला मेव्हणा ती रद्दीतून आणायचा. मला अक्षर येत नाही. मी आपला चित्रं बघत सावकाश गोष्ट जुळवायचो.

एकदा त्या माणसाचं उडणंच बंद पडलं, तो उंच इमारतीवरून खाली कोसळत होता, आणि पुढची पानं गायब! बायकोने ती सुके बोंबील बांधायला बोर्लीच्या बाजारात नेली होती. मी दिवेआगरहून तसाच निघालो. बघतो तर पानं अजून तिच्या मांडीखाली होती.

"दे गं ती."

"बोंबील घ्या, पान मिळंल."

"अगं, बोंबील मीच धरलेत ना!"

"दर्यात तुमचे. टोपलीत आले की माझे."

खरंच होतं. आम्हा कोळ्यांत टोपलीवर बाप्याचा हक्क न्हाय. शेजारची म्हावरंवाली म्हणाली, "भावजी, गिऱ्हाईक खोळंबलंय, बाजूला व्हा."

"मग देऊ तरी काय?" मी बायकोला विचारलं.

"एवढं गिऱ्हाईक झालं की टोपली डोक्यावर घेऊन घरी चला."

आमच्यात बाप्ये बाजाराची टोपली डोक्यावर घेत नाहीत. पण तो चित्रातला बिचारा अधांतरी लटकलेला! उचलली. अख्खा बाजार हसला.

माझे दोन्ही हात टोपलीला, म्हणून पानं तिच्याकडेच. ती पुढे चालता चालता एकेक पान उलटत होती.

"पडला का गं? का वाचला?"

"अगो बाई!" ती म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं. "टोपली नीट धरा. घरी गेल्यावर सांगते."