अजगराची गोष्ट

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकाच्या पायथ्याशी, आमच्या आदिवासी वस्तीच्या दवाखान्यात, रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरली पर्यटकांना खडकाभोवती पायी हिंडवते.

"अक्का, काल कितीजण होते?"

"सहाच. त्यात एक साठीचा प्राध्यापक. म्हणे, खडकाचं गुपित सांगा."

"सांगितलंस?"

"अजगराची गोष्ट सांगितली."

"ती तर आपण बालवाडीतल्या पोरांना सांगतो!"

"मग? पुढचं ऐकायला वय लागतं."

"अगं, त्याचे केस पिकलेत ना!"

"केस पिकून काय होतंय? इथं येऊन त्याला दोनच दिवस झालेत."

"मग काय म्हणाला?"

"रडायलाच लागला. 'एवढं गूढ तुम्ही माझ्यावर सोपवलंत! आता मी पुस्तक लिहिणार.'"

"अगं बाई! तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, शहाणं माझं बाळ! आता डोळे पूस, टोपी घाल आणि पाणी पी."