भिंगरीच्या सामन्यात ढोल वाजला नाही त्याबाबत

जबाब देणार : ढोलवाली आजी (मैदानावर सगळे याच नावाने ओळखतात), वय सत्तरच्या पुढे, नक्की सांगता येत नाही, धंदा घरकाम व सामन्याच्या दिवशी ढोल वाजवणे, शिक्षण दुसरी, राहणार मैदानामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.

मी आज सकाळी आपण होऊन ठाण्यात आले व समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी माझ्या मुलीच्या मुलीसोबत राहते. तिला घरीदारी भिंगरी म्हणतात. ती आमच्या क्लबच्या मुलींच्या संघात नऊ नंबरचा शर्ट घालते. परवा रविवारी दुपारच्या सामन्यात तिने दोन गोल केले. दुसरा तर असा, की गोलकीपर एका बाजूला आडवी आणि बॉल दुसऱ्या बाजूने निवांत आत. हवालदार म्हणतात, आजी, हे तक्रारीत येत नाही. तरी लिहा. एवढा चांगला चहा पाजलात, दोन गोल लिहायला काय जातं?

माझी तक्रार ढोलाची आहे. ढोल माझ्या मालकांचा. ते गेल्यापासून मी स्टँडवर बसून वाजवते. गोल झाला की पातळ बाजूवर कुणीही हात मारून घ्यावा, पोरंटोरं सगळी मारतात. जाड बाजू मात्र माझ्याशिवाय कोणी वाजवायची नाही. खेळताना कुणी लंगडायला लागली, की त्या बाजूवर तीन संथ ठोके पडतात. मग कोच त्या मुलीकडे नीट बघतो आणि बदलायची तर बदलतो. जुने कोच, आमचे मास्तर, म्हणायचे, "मला खालून पाय दिसतात, आजींना वरून चाल दिसते." फार गोड माणूस. पायात दोन रंगांचे मोजे घालायचे. त्यांना दोन महिन्यांपूर्वी काढलं, कमिटीने साधा निरोप समारंभसुद्धा केला नाही. असो.

भिंगरीच्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. घरी आणली त्या दिवशी तिनेच माझे दोन्ही हात धरून सांगितलं, "आजी, मी वेडी आहे, मी आपण होऊन थांबणार नाही. कळ आली की मी हात कमरेवर ठेवीन. तू वाजव." तसं आमचं दोघींचं ठरलं होतं. दुसऱ्या कोणाला माहीत नाही. आज तुम्हाला कळलं.

मास्तरांच्या जागी नव्या बाई आल्या. मास्तर भिंगरीला पुढे उभी ठेवायचे, बॉल तिच्यापर्यंत यायचा. नव्या बाईंचं म्हणणं, बॉल समोरच्या संघाकडे गेला की सगळ्यांनी धावत जाऊन त्यांना त्यांच्याच गोलपाशी दाबायचं. यावरून शिंप्याच्या दुकानात रोज वाद. मी भाजी निवडायला तिथेच बसते, खाली उजेड चांगला आहे.

शिंपी म्हणाला, "आजी, मास्तरांचा फुटबॉल म्हणजे पेन्शनरांचा फुटबॉल. जेवण झाल्यावर शतपावली करतात तसला."

पोस्टमन म्हणाला, "अरे, पण ती पोरगी एका गुडघ्यावर किती धावणार? मी दिवसभर जिने चढतो, गुडघा काय चीज आहे ते मला विचार."

"ती फिट आहे. तिची चड्डी मी शिवतो, कमरेचं माप तसूभर हललेलं नाही."

"गुडघा कमरेत असतो का रे?"

मी इतकी हसले की शेंगा सांडल्या. पण मग मी शिंप्याला म्हटलं, धावायचं तर धावू दे, ढोल आहे ना माझा. तेव्हा तो म्हणाला, "ढोलाने संघ चालत नाही, आजी. अशाने पोरगी कायम साठाव्या मिनिटाला घरी." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. भिंगरी तेव्हा दारातच बूट बांधत होती.

नव्या बाई मला भेटायला वर स्टँडवर आल्या होत्या. चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, "कोणाला काढायचं ते मी ठरवणार. पण तुमचे तीन ठोके ऐकले की मी तिच्याकडे बघीन, एवढा शब्द देते."

रविवारी मोठ्या क्लबची माणसं मुलींना बघायला येणार होती. पूर्ण सामना खेळणारीच त्यांना हवी, असं सगळीकडे बोललं जात होतं. पहिल्या अर्ध्यात भिंगरीचे दोन्ही गोल झाले, पातळ बाजू खणखणीत वाजली. दुसरा अर्धा निम्मा झाला तेव्हा तिचा हात कमरेवर गेला. मी पाहिलं. सवयीने गेला असावा, कारण तिने तो लगेच काढला. मी जाड बाजूवर काठी मारली. आवाज उशीवर मारल्यासारखा आला. पुन्हा मारली. मग ओरडले, पण आमच्याच लोकांच्या आरडाओरड्यात कोण ऐकतं? थोड्या वेळाने ती वळता वळता पडली आणि उठली नाही. तिला स्ट्रेचरवरून नेलं. मोठ्या क्लबची माणसं सामना संपायच्या आधीच उठली. तोच गुडघा आहे. डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन, मग वर्षभर तरी खेळ नाही.

ढोल बघितला तर जाड बाजूचं चामडं कडेला कापलेलं आणि वरून पांढऱ्या पट्टीने चिकटवलेलं. चामडं पांढरं, पट्टी पांढरी, माझ्या डोळ्यांना आधी दिसलं नाही. दवाखान्यात भिंगरीने ढोलाचं काही विचारलं नाही. मीच सांगितलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "शिंपीदादाच असेल. ढोल जिन्याखाली असतो, तिथे दुसरं कोण येतं?"

म्हणून काल मी शिंप्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "आजी, मी नव्या बाईंच्या बाजूचा आहे, ढोलाच्या विरुद्ध नाही." मी ऐकलं नाही. आज त्याचं नाव लिहायलाच आले होते. तो आता बाहेर बाकावर बसला आहे, ढोल इथवर त्यानेच उचलून आणला. मला उचलत नाही ना.

हवालदारांनी माझ्यासमोर पट्टी काढून टेबलावर ठेवली. ही गुडघ्याला गुंडाळायची पट्टी आहे. हिचं टोक दाताने तोडलेलं आहे. शिंप्याच्या गळ्यात दिवसभर कात्री लटकलेली असते, तो दात कशाला लावील? आमच्या घरात एकजण अशी पट्टी दाताने तोडते. मी रोज ओरडते, दात जातील गं. हवालदारांनी विचारलं, आजी, पट्टी ओळखता का? मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं.

चामडं कापलंय तेही अगदी कडेला, पुन्हा ताणून बसवता येईल असं. पातळ बाजूला हात लावलेला नाही. गोल झाला की वाजायला हवी होती ना.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. शिंप्याचा यात काहीही संबंध नाही, हे ठळक लिहा. त्याची माफी मी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर मागणार आहे, बोलले होते तेवढ्याच मोठ्याने. दुपारी दवाखान्यात डबा न्यायचा आहे. तिथे काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. नीट झाला की ढोल शिंप्याच्या दुकानात राहील, कुलपात. किल्ली त्याच्याकडे. आमच्या घरात नको.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोन गोल लिहिले आहेत, ते मी दोनदा वाचून घेतले. शेवटी हवालदारसाहेबांनी आपल्या मनाने "अज्ञात इसमाने ढोल कापला" असं लिहिलं आहे. तसं मी सांगितलेलं नाही. तरी ते तसंच राहू द्या. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून अंगठा देते.