चहा होईस्तोवर

गेवराईच्या गॅरेजात स्कूटी दुरुस्तीला टाकून सत्यशीला बाकड्यावर बसली होती. शेजारी पुढारी विजयसिंह नाना मिस्त्रीवर उखडले होते.

"नवी कोरी डिझेल गाडी, अन् चढाला धापा टाकती! जुनी धूर ओकायची, पण ओढायची तरी!"

"नाना, नव्या नियमानं धूर गाळायला सायलेन्सरात जाळी आली. गाडी जाग्यावर चालू ठिवली की जाळी काजळीनं चोंदती."

"मी कवा ठिवतो?"

"मयतीत तुमी श्रद्धांजलीचं भाषण ठोकता, तवर बाहेर गाडीचा एसी चालूच."

"मग तापल्या गाडीत बसू?"

"आता हायवेला जोरात पळवा. काजळी जळंल."

"पळवतो. आधी चहा सांग."

"अन् बाहेर कुणाची गाडी घरघरतीय?"

"आपलीच हाय. चहा होईस्तोवर गार राहू दे."