बोंबलांचा प्रबंध

बोईसरच्या स्टँडवर पालघरच्या गाडीची वाट बघत झुंबरकाका बाकड्यावर टेकले, तर शेजारी नवापूरच्या बहीणभावांची जुंपलेली.

"मेघाली, विद्यापीठातल्या लेखन-मदतवाल्या मॅडम काय बोलल्या?"

"पहिलं पान वाचलं आणि चहा मागवला. म्हणाल्या, हेच स्टँडवर एखाद्या अनोळखी माणसाला सांग. त्यानं 'मग?' विचारलं, तर तुझा प्रबंध उभा राहिला."

"मला सांगून बघ."

"किनारी समूहांतील परस्परविश्वासाची सामाजिक संरचना..."

"झोप आली."

"प्रीतम, चेष्टा नको. सोमवारी द्यायचाय."

"आय शेजारणीला सांगते, तसं सांग ना."

"बरं. आपल्या आयच्या बोंबील वाळवायच्या दोरीला लागून शेजारच्या सुलूमावशीची दोरी. नाव नाय, खूण नाय, राखण नाय."

"हे मला माहीत हाय."

"तुला हाय, मॅडमना नाय! त्यात गेल्या साली दोघींचं असं भांडण झालं, की तोंड बघत नव्हत्या. सुलूमावशी लग्नाला डहाणूला गेली आणि इकडे भर दुपारी आभाळ भरून आलं. आय एकटीच धावली. दोऱ्या दोन, पाऊस डोक्यावर. आणि तिनं पहिला हात घातला तो..."

पालघरची गाडी आली. कंडक्टरनं दोनदा हाळी दिली. झुंबरकाका पिशवी घेऊन उठले, दारापर्यंत गेले, आणि परत आले.

"काका, तुमची गाडी सुटली!"

"जाऊ दे गं. दुसरी येईल." काका बाकड्यावर पुढे सरकून बसले. "मग?"