बाजूची सीट

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट पाहत होते. समोर मेकॅनिक एका वयस्क गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"टर्बो झकास बसलाय, काका. आता इंजिनाचा कॉम्प्युटर जुळवायचा. तुम्ही गाडी पळवा, मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसतो."

"बाजूला सीट नाही."

"अहो, गेली कुठं?"

"काढली. वजन कमी झालं की गाडी पळते."

"आणि काकू बसतात कुठं, टपावर?"

"ती गेली, मग काढली. रिकाम्या सीटकडे सारखं लक्ष जायचं."

"माफ करा, काका."

"एकट्यानं नाही का जुळवता येणार?"

"एक डोळा रस्त्यावर, एक पडद्यावर? झाडच गाठाल. हे दोघांचंच काम. उद्या सीट बसवून आणा."

"आणतो. पट्टा तेवढा तुम्हीच सैल करा. तिच्या मापाचा आहे."