लखूची हाक

सुंदरी : नगं म्हनू नका, भावजी. आज नववा दिस. म्हशी अजून काळी नदीच्या पलीकडंच हाईत. काल रेडकू वाघानं नेलं.

कान्हू : वयनी, लखूदादाची म्हशी बोलवायची हाक मी पाव्यावर वाजवनार न्हाई. एकाची हाक दुसऱ्यानं वाजवायची न्हाई, ही आपल्या गवळ्यांची रीत. तुला ठावं न्हाई व्हय?

सुंदरी : रीत मला नका शिकवू. हाकेचा धनीच गेला. मी घसा फोडून वरडले. सुप्यासनं उमाजी गवळी येऊन त्याचा पावा वाजवून गेला. म्होरल्या मोरी म्हशीनं मान सुदिक वळवली न्हाई. नदीनं मानूस परत दिला न्हाई, म्हशी तरी देऊ दे. पोरीला काय पाजू मी?

कान्हू : दोरी घेऊन जातो. एकेक वढून आनतो.

सुंदरी : अकरा म्हशी, पान्यातनं? येड्यावानी बोलू नका. त्यांची हाक तुमच्याबिगर कुनाला येत न्हाई. आन तुमी तर नऊ दिस पाव्याला हात लावला न्हाई. का?

कान्हू : त्या सांजेला मी पलीकडं हुतो, वयनी. दादा हिकडं म्हशींस्नी पानी दावत हुता. मी त्याची हाक वाजवली.

सुंदरी : तुमी?

कान्हू : दादा कायम म्हनायचा, बोटं साफ हाईत तुझी, पन नवं काय सुचत न्हाई. म्हनून त्याच्याच हाकेला शेवटाला माझी मुरकी जोडली. त्याला ऐकवायची हुती, बास. तर म्हशी पुरात शिरल्या. दादा हात हलवाय लागला. मला वाटलं, शाबास म्हनतोय. मी आनखी जोरात वाजवली.

सुंदरी : आन ते म्हशी वळवायला उडी घेऊन गेले.

कान्हू : म्हशी माझ्या मुरकीवर निघाल्या म्हनून मला आनंद झाला हुता, वयनी. खोटं कशाला बोलू?

सुंदरी : नऊ दिस माझ्या हातचं जेवलात. घास उतरला कसा वो?

कान्हू : हाकलून दे मला. पन पावा नगं.

सुंदरी : हाकलीन. उद्या हाकलीन. आधी म्हशी आना.

कान्हू : साधी हाक आता येतच न्हाई मला. डोळं मिटलं तरी बोटं त्या मुरकीवरच जात्यात.

सुंदरी : जाऊ द्यात. तिलाच भुलून गेल्या न्हवं? तिलाच येतील. वाजवा.

(कान्हू पावा वाजवतो. बराच वेळ.)

सुंदरी : मोरी उठली. उतरली बगा पान्यात. मागनं सगळ्या निघाल्या.

कान्हू : लागल्या काठाला. झालं, वयनी.

सुंदरी : थांबू नका, भावजी.

कान्हू : सगळ्या आल्या की.

सुंदरी : वाजवा म्हनते न्हवं. अजून कोन येतंय का, बघू द्या मला.