बारदानाचा वास

जय भीम ताई, बसा. मपलं गाव जालना, अन गाव तरी कसलं, तिथला धान्याचा बाजार, मोंढा, तेच मपलं गाव. मपली आई मोंढ्यात बारदान शिवायची, म्हनजे धान्याची फाटकी पोती हो, व्यापाऱ्याच्या दारात ढीग पडायचा अन आमी मायलेकी दाभन-सुतळी घेऊन त्या ढिगात बसायचो. लग्न झालं तरी मी तेच केलं, मालक लवकर गेले, मंग तर सुटकाच न्हाई. त्या तागाला एक तेलाचा वास असतो, घासलेटावानी, अंगाला बसला की बसला. मिलिंद, मपला लेक, शाळेत जाताना म्हनायचा आई तू फाटकापर्यंतच ये. मी बी फाटकापर्यंतच जायचे. काय सांगू तुमाला, लिंबू चोळून चोळून हात सोलले, पर वास काही निघाला न्हाई.

आता मिलिंद हितं अमेरिकेत ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत हाय, मोठं घर हाय, मी लेका-सुनेजवळ असते. त्याचे दोस्त येतात, काकू तुमी काय करायच्या म्हनतात, तर मिलिंदच सांगतो, आई टेक्सटाइलमधे होती. मी मान हलवते. खोटं थोडंच हाय ते.

शेजारी जीनबाई राहती, ऐंशीच्या पुढची, एकटी. तिची मानसं स्कॉटलंडातल्या डंडी नावाच्या शहरातून हितं आलेली. एकदा चहाला आली अन सांगायला लागली, मिलिंद मला मराठीत सांगत व्हता. त्या डंडीत म्हने जिकडं तिकडं तागाच्या गिरन्या, ताग कलकत्त्याकडून जहाजानं जायचा, त्याला देवमाशाचं तेल लावून मऊ करायचे अन दुनियाभरची पोती विनायचे. बाया स्वस्तात मिळायच्या म्हनून बाया गिरनीत अन गडी घरी लेकरं सांभाळायचे, बगा. तिची आजी मागाच्या आवाजानं बहिरी झाली, हातानं बोलायची. आता गिरन्या बंद, एकीत म्युझियम केलंय, बाकीच्यांत लोक राहतात म्हने. अन हे सगळं ती बाई ताठ मानेनं सांगत व्हती. मला वाटलं, अगं बाई, असं बी सांगता येतं का. पर मी नुसता चहा ओतत राहिले.

मंग इथल्या लायब्ररीत ज्यानं त्यानं आपल्या घरची जुनी वस्तू मांडायचं ठरलं. जीनबाईनं आजीचं पोतं काढलं, गिरनीतलं, त्याच्यातच अंथरून-पांघरून भरून ते लोक अमेरिकेला आले. तिला गाडी चालवता येत न्हाई, तर शनवारी मिलिंद तिला अन पोत्याला घेऊन जानार व्हता. पोतं आमच्या गॅरेजमधे ठेवलं. सून कामावरून आली अन म्हनली, आई, कसला स्मेल येतोय हो. इतक्या वर्षांनी, साता समुद्रापार, तोच वास, अन मपल्या लेकाच्या घरात. दुसऱ्या दिवशी कुनी नव्हतं तव्हा मी टबात गरम पानी सोडलं, साबन टाकला, खसाखसा घासलं. उनात वाळवलं. कडेला उसवलं व्हतं, तर जालन्याहून बॅगला बांधून आनलेली सुतळी सोडली अन शिवून टाकलं. मनाला म्हनलं, चार लोकांत मांडायचंय, बिचारीची शोभा नको व्हायला.

शनवारी जीनबाई आली. पोतं उघडलं. गिरनीचं नाव व्हतं त्याच्यावर फिकट शाईचं, ते गेलेलं. तिनं पोतं नाकाला लावलं, पुन्हा हुंगलं. मंग मिलिंदला काहीतरी म्हनली. मिलिंद सांगेना. मी म्हनलं सांग. तर म्हनला, आई, तिच्या आजीचा वास होता त्याला, तिची आई तो वास घ्यायची, मग ती स्वतः.

धरनीनं पोटात घ्यावं असं झालं ताई. मपल्या आईच्या पदराला तोच वास व्हता की. त्या बाईचं काय गेलं ते आख्ख्या ट्रॉयमधे मलाच ठाऊक, अन मीच धुतलं. तिच्या शोभेसाठी कुठलं, मला लाज वाटली म्हनून धुतलं.

मिलिंद घाईघाईनं बोलायला लागला, ड्राय क्लीनर, मिस्टेक, असं काही. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी त्याचा हात धरला, म्हनलं,

"दुकानानं न्हाई, मी धुतलं, मीच शिवलं. अन हे बी सांग तिला, तुजी आई जलमभर बारदान शिवत व्हती."

मिलिंद मंग बोलला, हळूहळू, लय वेळ. माय मदर तेवढं कळलं मला, दोनदा आलं. जीनबाईचे डोळे लाल, राग व्हताच, असनारच. तिनं मपला हात हातात घेतला, मला वाटलं आता झिडकारती. तर तिनं तो नाकाशी नेला. इतकी वर्षं घासलेला हात ताई, त्याला कसला वास येनार, साबनाचा.

ती अजून चहाला येती, बाई भली हाय, तिचं भलं होवो, पर मलाच मान वर करवत न्हाई. पोतं हाय लायब्ररीत, जाऊन बगा, कडेची शिवन मपली हाय. फकस्त जवळ जाऊन वास घेऊ नका. काही येत न्हाई.